नहूमूची वही, माझी वही

नहूमू शेकलाघेकडे एक्केचाळीस परदेशी सह्या आहेत. हा आकडा मला ठाऊक असण्याचं खरं तर काही कारण नाही. पण दर रविवारी चर्च सुटलं, की तो बाहेरच्या प्लमच्या झाडाखाली उभा राहून ज्याला त्याला तो सांगतो, आणि मी काही बहिरा नाही.

आमचं क्वेमबोगा उसांबाराच्या डोंगरात, ढगाच्या जरा खाली आणि बाकी सगळ्यांच्या वर. पाठीला पोतं बांधून डोंगरभर पायपीट करणारे परदेशी लोक लुशोटोहून निघतात आणि आमच्या गावातून पुढे जातात. ती वाट नेमकी नहूमूच्या दारावरून जाते. यात नहूमूचं कर्तृत्व काय? शून्य. त्याच्या आजोबांनी तिथे घर बांधलं, बस्स. पण दमलेला माणूस दारात थांबतो, चहा पितो, आणि त्याचा कप खाली टेकतो न टेकतो तोच नहूमू आतून पाहुण्यांची वही घेऊन येतो.

आता पाहुण्यांची वही म्हणजे काय, हे मी कोणाला सांगू? चौतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. तपासनीस आला, सही. डॉक्टर आला, सही. एकदा एक माणूस रस्ता चुकून आला, त्याचीही सही. तारीख, नाव, कुठून आलात, कशासाठी आलात, अभिप्राय. पाच रकाने. ज्या जागी वही आहे, त्या जागी काहीतरी घडतं असा तिचा अर्थ. माझ्या घरी वही नव्हती.

माझं घर नहूमूच्या खाली दोनशे पावलांवर. सिमेंटचं, वर पत्रा, निळ्या खिडक्या. त्याचं मातीचं, कुडाचं, धुराने काळं पडलेलं. शहाण्या माणसाने कुठलं घर बघावं? पण परदेशी लोक वरून खाली बघतात, थांबतात, कॅमेरा काढतात आणि माझ्या गायीचा फोटो घेतात. माझ्या गायीला आज निदान चार देश ओळखत असतील. मी तिच्या शेजारी कोट घालून उभा राहून पाहिलं, तर एका बाईने मला हाताने जरा बाजूला व्हायची खूण केली.

एक्केचाळिसावी सही झाली त्या रविवारी मी घरी येऊन जेवलो नाही.

"पोटात दुखतंय का?" बायकोने विचारलं.

"नाही."

"दुखतंयच. नहूमूने किती सांगितल्या आज?"

आमची ही मामा हेरी, म्हणजे हेरीची आई. हेरी आमचा मुलगा, तो दार-ए-सलामला असतो, आणि पहिल्या पोराच्या नावाने आईला हाक मारायची आमची रीत. पस्तीस वर्षं संसार केलेल्या बाईपुढे पोट लपवता येत नाही. मी तिला सरळच सांगितलं, की मला एक सही हवी आहे. एक्केचाळीस नकोत, एक. माझ्या घरी, माझ्या वहीत, परदेशातून पायी आलेल्या माणसाची.

दुसऱ्याच दिवशी मी जाड पुठ्ठ्याची, लाल पाठीची वही आणली. पट्टीने पाच रकाने आखले. पण शिक्का नसेल तर ती पाहुण्यांची वही नव्हे, नुसती वही. म्हणून गावच्या कचेरीत गेलो. आमचा ग्रामअधिकारी कुपाझा हा माझाच विद्यार्थी. सहावीत मी त्याला भूगोलात नापास केलं होतं, आणि तो ते विसरलेला नाही.

"या गुरुजी. शिक्का कशाला हवाय?"

"वहीला."

"वही कोणत्या संस्थेची?"

"माझ्या घराची."

"घर ही संस्था होत नाही, गुरुजी."

"मग नहूमूच्या वहीवर आहे तो शिक्का कुठला? आकाशातून पडला?"

"ते बालोझी आहेत. दहा घरांचे प्रमुख. त्यांचं घर म्हणजे अर्धी कचेरीच." कुपाझाने वही मिटून माझ्याकडे सरकवली. "तुम्ही एक काम करा. तुमच्या दहा घरांच्या प्रमुखाकडून शिफारसपत्र आणा. मग मारू शिक्का."

आमच्या दहा घरांचा प्रमुख कोण, हे वाचकाने ओळखलं असेल. मीही ओळखलं होतं. तरी मी कुपाझाला विचारलं, "दुसऱ्या कोणाचं चालेल?" तो म्हणाला, "वाट कुठून कुठे जाते ते तुम्हीच शिकवायचात, गुरुजी." आणि हसला. नापास केलं ते बरोबरच केलं होतं.

मी तीन दिवस घुटमळलो. चौथ्या दिवशी नहूमूच्या दारात गेलो तेव्हा मनाची तयारी केली होती, की हा फाटे फोडेल, टोमणे मारेल, मला ताटकळत ठेवेल. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

"एवढंच ना?" नहूमू म्हणाला आणि तिथल्या तिथे पत्र लिहून मोकळा झाला. वर चहा दिला. वर माझी वही हातात घेऊन कागद चिमटीत धरून पाहिला. "जाड घेतलीस ते बरं केलंस, झेफानिया. जर्मन लोक फार दाबून लिहितात. आणि पेन दोऱ्याने बांधून ठेव. माझी सहा पेनं गेली."

सहा पेनं गेली! म्हणजे सहा परदेशी माणसं याची पेनं खिशात घालून हिंडताहेत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "आभारी आहे," आणि घरी आलो.

वहीला शिक्का मिळाला. आता माणूस हवा होता. ही गोष्ट मी फक्त हसानी गवंड्याच्या कानावर घातली, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या उताराला माझं दुखणं कळलं. सल्ल्यांना तोटा नव्हता. मामा रेहेमा म्हणून आमच्या पलीकडे राहतात, त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं घर चांगलं आहे ना, तिथेच घोडं अडलंय. त्या लोकांना सिमेंट त्यांच्या घरी भरपूर. त्यांना माती लागते. थोडं पाडा."

"पाडू?"

"अख्खं कशाला? दर्शनी भिंत तेवढी."

हसानी लगेच भिंत ठोकून बघायला लागला. त्यानेच ती बांधली होती, आणि पाडायला फार वेळ लागणार नाही असं तो म्हणाला, ते मला अजिबात आवडलं नाही. शेवटी त्यानेच दुसरा तोडगा काढला. भिंत राहू दे, वाट वळवा. वरच्या वळणापासून आमच्या अंगणातून थेट खालच्या ओढ्यापर्यंत आडवी वाट काढली, तर दहा मिनिटं वाचतात. दमलेला माणूस दहा मिनिटांसाठी कुठूनही जाईल.

मध्ये बायकोचं घेवड्याचं शेत होतं.

"माझ्या शेंगांवरून तुमचा पाहुणा चालणार?" ती म्हणाली.

"एकदाच," मी म्हटलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त गायीमार्फत बोलू लागली. "सांग त्यांना, पाणी तापलंय." गाय काही बोलली नाही, मी आपला उठून अंघोळीला गेलो.

वाट झाली. वळणावर मी पाटी लावली, 'विसावा, चहा'. सकाळी सातला कोट चढवला, चर्चचे बूट घातले आणि वही मांडीवर घेऊन ओट्यावर बसलो. साडेसातला वाटेवर पहिली चाहूल लागली आणि मी कोटाची बटणं लावली. मामा रेहेमा होत्या, डोक्यावर मक्याचं गाठोडं.

"अहो गुरुजी, गिरणीला जायला काय सोयीची झाली हो वाट!"

त्यांच्या मागे आणखी चार जणी. त्यांच्या मागे गिरणीवाल्याची मेहुणी. आणि आमच्यात नुसतं 'नमस्कार' म्हणून पुढे जाता येत नाही. रात्र कशी गेली, बरी गेली. घरचे कसे आहेत, बरे आहेत. मुलगा, बरा आहे. गाय, बरी आहे. खोकला, कमी आहे. मग तेच सगळं मी उलट विचारायचं. अर्धं विचारून थांबलो तर गुरुजींना शिष्टपणा आला. नऊ दिवसांत सगळं गाव माझ्या अंगणातून गिरणीला जाऊन आलं, परत येताना पाटी वाचून चहाला थांबलं, आणि माझा घसा साफ बसला. सही कोणाची घेणार? सगळे गावचेच. नहूमूच्या वहीत गावचा एकही नाही.

दहाव्या दिवशी, बुधवारी, ती आली.

धुकं दाट होतं. वळणावर दोन वाटा फुटल्या होत्या आणि गावाच्या पायांनी माझीच जास्त मळलेली, म्हणून ती खात्रीने माझ्या वाटेला लागली. उंच, तरुण, पाठीवर पोतं आणि दोन्ही हातांत काठ्या.

"अगं बाई गं," मामा हेरी कळवळली, "एवढ्याशा पोरीचे दोन्ही पाय गेले!" माझ्याशी अबोला होता ते विसरून तिने घरातलं सगळ्यात उंच स्टूल आणलं आणि पाहुणीला धरून बसवलं.

नाव बिर्गिट्टे, देश डेन्मार्क. आमची भाषा ती पुस्तकातून शिकली होती, त्यामुळे फार शुद्ध बोलायची. "आपल्या गृही प्रवेश करताना मला अतिशय आनंद होत आहे," असं म्हणाली. नहूमूच्या एक्केचाळीसांत एकाला तरी असं बोलता आलं असेल का? मामा हेरीने मका-घेवड्याचं मकांडे वाढलं, ते तिने दोनदा घेतलं.

वही स्टुलाखाली तयार होती, पेन दोऱ्याने बांधलेलं. पण पाहुण्याच्या तोंडात घास असताना वही पुढे करणं म्हणजे निव्वळ हावरटपणा. आधी जेवण, मग हात धुणं, मग चहा, मग घरच्यांची चौकशी, मग सहज आठवल्यासारखं "अरे हो," आणि मग वही. मी चहापर्यंत आलो होतो. घरच्यांपैकी तिचे आईवडील झाले होते, एक बहीण राहिली होती. तेवढ्यात अंगणात नहूमू.

धापा टाकत होता. दहा घरांत परका माणूस आला की प्रमुखाने येऊन भेटायचं, हा नियम आहे, मान्य. पण प्रमुख झाल्यापासूनच्या अकरा वर्षांत हा कधी धावला नव्हता.

"स्वागत, स्वागत!" म्हणून त्याने बिर्गिट्टेचा हात धरला आणि रात्र कशी गेली इथपासून सुरुवात केली. बहिणीपर्यंत पोचायच्या आत तिने घड्याळ पाहिलं आणि ताडकन उठली. तीन वाजता म्टुंबीहून बस होती.

"म्टुंबी किती लांब आहे?"

"हे काय, इथेच," नहूमू म्हणाला. म्टुंबी नऊ किलोमीटर आहे.

तिने पोतं चढवलं, मामा हेरीला मिठी मारली आणि निघाली. मी वही काखेत मारली आणि मागोमाग निघालो. नहूमूही निघाला.

इथे आमची एक रीत सांगायला हवी. पाहुणा निघाला की घरधनी त्याला पोचवायला जातो. किती लांब? तर पाहुणा थांबून "बस झालं, आता तुम्ही परता," असं म्हणेपर्यंत. शहाणा पाहुणा ओढ्याशीच म्हणतो. त्याने म्हटल्याशिवाय मागे वळणं म्हणजे 'जा एकदाचा' असं तोंडावर सांगणं. हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. पण बिर्गिट्टेच्या पुस्तकात हा धडा नव्हता.

ओढा आला. मी थांबलो, नहूमू थांबला, आम्ही दोघंही तिच्या तोंडाकडे बघू लागलो. ती पाण्याकडे बघून म्हणाली, "अतिशय सुंदर!" आणि दगडांवरून उड्या मारत पलीकडे गेली. ज्या पायांची आम्ही कीव केली होती ते पाय हे.

"नहूमू, तू माघारी जा," मी म्हटलं. "तुझा गुडघा दुखतो."

"तू जा. तुझे बूट चावताहेत."

"पाहुणी माझी आहे."

"दहा घरं माझी आहेत. पाहुणी गेली आणि प्रमुख घरी बसला, असं म्हणतील लोक."

त्याच्या डोळ्यांत सगळं दिसत होतं मला. त्याला वही दिसली होती. तो परतल्याशिवाय मी ती काढणार नव्हतो, कारण त्याच्यासमोर सही मागणं म्हणजे भीक मागणं. आणि मी ती काढल्याशिवाय तो परतणार नव्हता. झालं. पुढे ती टणाटण काठ्या टाकत, मागे आम्ही दोन म्हातारे. गावाची हद्द संपली. वाटेत बटाटे काढणारी माणसं ओरडली, "कुठे निघालात?"

"पाहुणीला पोचवायला!"

"अजून?"

पाचव्या किलोमीटरला माझ्या टाचा सोलवटल्या. सहाव्याला नहूमूचा गुडघा वाजू लागला, तो मलाही ऐकू येत होता. ती मागे वळून गोड हसायची, आम्ही हसायचो आणि पुन्हा चालायला लागायचो. एका झऱ्याशी तिने बिस्किटं काढली.

"आपण दोघे बंधू आहात काय?"

"नाही!" आम्ही एका दमात म्हणालो. ती खूप हसली. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

चढावर नहूमू घसरला. मी हात दिला, तो काही प्रेमाने नाही. हा इथे पडला तर मला याला घेऊन परतावं लागेल आणि सही बुडेल, म्हणून दिला. त्याने तो धरला आणि चढ संपेपर्यंत सोडला नाही. आमचा वेग जरा वाढला, एवढं कबूल करतो.

म्टुंबीला बस उभी होती. बिर्गिट्टेने पोतं खाली ठेवलं, कपाळ पुसलं आणि आमच्याकडे पाहिलं.

"आपले या गावी काय काम आहे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "काम काही नाही," नहूमू म्हणाला. "तुम्हाला पोचवायला आलो."

"परंतु कुठपर्यंत?"

"तुम्ही परता म्हणाल तिथपर्यंत," मी म्हटलं.

ती नुसती आमच्या पायांकडे बघत राहिली. मग तिने तोंडावर हात घेतला. मग माझ्या काखेकडे बोट दाखवून तिनेच विचारलं, "हे काय?" मी वही दिली. अरे हो, असं म्हणायचंही राहून गेलं. ती पोत्यावर बसली आणि लिहू लागली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, ती लिहीतच होती. अभिप्रायाचा रकाना भरला, तशी ती खालच्या चार ओळींत उतरली. मग आम्हा दोघांना एकेकदा मिठी मारून म्हणाली, "आता आपण परतावे," आणि बस गेली.

माझी सही! मी वही उघडली. नहूमू खांद्यावरून वाकला. लिहिलं होतं, 'दोन वृद्ध मित्र मला पोचवायला थेट बसपर्यंत चालले. झेफानियाने घरी जेवू घातले. नहूमूचा गुडघा दुखत होता तरी तो थांबला नाही. माझ्या देशात मला दारापर्यंत पोचवायलाही कोणी येत नाही. मला या दोघांचा हेवा वाटतो.'

वृद्ध! आणि मित्र! ज्या माणसावर मी अकरा वर्षं जळलो, त्याचं नाव माझ्या वहीत, पहिल्याच पानावर, सरकारी शिक्क्याखाली. खोडताही येत नाही. शिक्क्याच्या पानावर खाडाखोड हा गुन्हा आहे.

येताना नहूमूची नजर माझ्या काखेतल्या वहीवरून हलेना. बूट हातात घेऊन मी अनवाणी चालत होतो आणि तिरप्या नजरेने त्याच्याकडे बघत होतो. त्याचा चेहरा मी ओळखला. तो चेहरा मी अकरा वर्षं आरशात पाहिलाय. नहूमू शेकलाघे माझ्यावर जळत होता! माझ्या टाचा दुखायच्या थांबल्या. जळ म्हटलं, चांगला जळ.

दिवस मावळायच्या सुमाराला त्याचं घर आलं. तो म्हणाला, "जरा बस," आणि आतून त्याची वही घेऊन आला. ती मी कधी उघडून पाहिली नव्हती. पाहवलं नसतं. त्याने माझ्या मांडीवर ठेवून एकेक पान उलटलं. चहा छान. दृश्य सुंदर. चहा छान. संडास स्वच्छ. दृश्य सुंदर. संडास स्वच्छ. पुढेही तेच.

"एक्केचाळीस माणसं," नहूमू म्हणाला. "एकानेही माझं नाव लिहिलं नाही, झेफानिया. तुझ्याकडे एक आली आणि तिने माझा गुडघासुद्धा लिहिला. तोही तुझ्या वहीत." मग त्याने पेन माझ्यापुढे धरलं. "तू लिही."

"मी काय लिहू?"

"मला काय विचारतोस? अभिप्राय पाहुण्याचा असतो."

मी तारीख लिहिली. नाव लिहिलं. कुठून आलात, खालच्या घरून. कशासाठी, तिथे जरा अडलो आणि मग 'दमलो म्हणून' असं लिहिलं. अभिप्रायाला मात्र फार वेळ लागला. चौतीस वर्षं पोरांच्या वह्यांवर शेरे मारले, पण त्यातला एकही इथे बसेना. शेवटी खरं होतं ते लिहून टाकलं. 'मला नहूमू शेकलाघेचा अकरा वर्षं हेवा वाटत आला आहे. अजूनही वाटतो.'

त्याने ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्याचे डोळे भरून आले, आणि मी दारातल्या वाटेकडे बघत बसलो.

"इतकं चांगलं माझ्याबद्दल कोणी लिहिलं नव्हतं रे," तो म्हणाला. मग त्याने शाईवर हळूच फुंकर मारली, पेन उचललं आणि समासात सुबक आकडा घातला, बेचाळीस.

"अरे, मी परदेशी नाही!" मी ओरडलो.

"या रकान्यांत तसं कुठे लिहिलंय?" नहूमूने वही मिटून छातीशी धरली.

मी सोललेल्या टाचांनी दोनशे पावलं उतरून घरी आलो. माझ्या वहीत एक सही होती, आणि नहूमू माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच हाताने, आणखी एकाने पुढे गेला होता.